गवतकापणीच्या इंजिनाची निळी गाडी

मुलांनो, बागेत माळीकाका गवत कापायचं यंत्र फिरवतात, ते तुम्ही पाहिलंय ना? घर्रर्र आवाज करत ते पुढे पुढे जातं आणि मागे कापलेल्या गवताचा छान वास दरवळत राहतो. आता सांगा, त्या यंत्रातलं इंजिन काढून तुमच्या हातात दिलं, तर तुम्ही त्याचं काय कराल? कुणी म्हणेल, माझ्या सायकलला लावीन. कुणी म्हणेल, आजोबांच्या विहिरीवरचा पंप चालवीन.

इंग्लंडमधल्या बर्ट ग्रीव्ह्ज नावाच्या एका गृहस्थांनी काय केलं, ठाऊक आहे? त्यांच्या नात्यातले एक भाऊ होते, डेरी प्रेस्टन-कॉब. डेरींना पायांनी चालता येत नसे, ते चाकांच्या खुर्चीत बसून असत. एके दिवशी घरासमोरचं गवत कापता कापता बर्टना वाटलं, हे इंजिन डेरीच्या खुर्चीला लावलं तर? असा किस्सा सांगतात. आणि खरंच, त्यांनी ते लावलं! फट फट फट करत खुर्ची निघाली. ढकलायला मागे माणूस नको की काही नको.

हे घडलं 1940 नंतरच्या दहा वर्षांत. दुसऱ्या महायुद्धाने त्या काळात इंग्लंडचे हाल केले होते. कितीतरी सैनिक पाय गमावून किंवा पाठीच्या कण्याला दुखापत होऊन घरी परतले होते. एका डेरीची अडचण हजारोंची अडचण होती. मग बर्ट आणि डेरी या दोघांनी मिळून एसेक्स परगण्यातल्या थंडर्सली गावात कंपनी काढली. तिचं नाव ‘इन्व्हाकार’. चालता न येणाऱ्या माणसांसाठी एका माणसाच्या तीनचाकी गाड्या बनवणं हे तिचं काम. सरकारकडून तिला मोठी मागणी आली आणि पुढची तीसएक वर्षं ब्रिटनच्या रस्त्यांवर या फिक्या निळ्या रंगाच्या गाड्या पळत होत्या.

पण थांबा. स्वतःसाठी तीनचाकी बनवण्याची कल्पना याहून खूप जुनी आहे बरं का! सन 1655 मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज स्वराज्य उभं करत होते त्याच काळात, जर्मनीतल्या नुरेम्बर्गजवळ श्टेफान फार्फ्लर नावाचा बावीस वर्षांचा घड्याळजी राहत होता. त्याला पायांनी चालता येत नव्हतं. पण दातेरी चाकं कशी फिरतात, हे घड्याळजीला कुणी सांगायला हवं का? त्याने तीन चाकांची खुर्ची बनवली, पुढच्या चाकाला दातेरी चक्रं आणि हाताने फिरवायचे दांडे जोडले, आणि स्वारी स्वतःच्या हातांनी गाडी चालवत निघाली. आपल्याकडे बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडवर हाताने पायडल फिरवायची तीनचाकी सायकल दिसते ना? तिच्यामागची युक्ती हीच.

आधी इंजिनाच्या पोटात डोकावू या

बर्ट ग्रीव्ह्जच्या कंपनीने पुढे या गाड्यांमध्ये जी इंजिनं बसवली, त्यातली बरीचशी व्हिलियर्स कंपनीची होती. ही कंपनी वुल्व्हरहॅम्प्टन शहरातली. मोटारसायकल बनवणाऱ्या अनेक छोट्या ब्रिटिश कंपन्या स्वतः इंजिन बनवतच नसत. त्या व्हिलियर्सकडून इंजिन आणायच्या आणि आपल्या सांगाड्यात बसवायच्या. गवत कापायच्या यंत्रांतही व्हिलियर्सची इंजिनं असत. म्हणजे एकच कंपनी बाग साफ करत होती, तरुणांना शर्यतीत पळवत होती आणि चालता न येणाऱ्यांना बाजारात नेत होती!

ही इंजिनं ‘टू-स्ट्रोक’ जातीची. त्यांची रचना अगदी साधी असते. एक गोल नळकांडं, म्हणजे सिलिंडर. त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन. दट्ट्याला जोडलेला एक दांडा, आणि त्या दांड्याने फिरणारा आस.

दट्ट्या वर जातो तेव्हा दोन कामं एकदम होतात. त्याच्या वर असलेलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, आणि त्याच वेळी त्याच्या खालच्या बाजूला नवीन मिश्रण आत ओढलं जातं. मग ठिणगी पडते. धडाम! पेटलेला वायू दट्ट्याला जोरात खाली ढकलतो. दट्ट्या खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडी पडतात. एका भोकातून जळका धूर बाहेर जातो. दुसऱ्यातून खाली साठलेलं ताजं मिश्रण वर चढतं. पुन्हा दट्ट्या वर, पुन्हा ठिणगी, पुन्हा धडाम. सेकंदात कितीतरी वेळा!

गंमत अशी, की यात झडपा उघडायला-मिटायला वेगळी यंत्रणा लागतच नाही. दट्ट्याच सरकता सरकता भोकं झाकतो आणि उघडतो. भाग कमी, म्हणून वजन कमी, किंमत कमी आणि दुरुस्ती सोपी. तोटा एवढाच, की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. तेही थोडं जळतं आणि मागून निळसर धूर निघतो. तुमच्या बाबांना किंवा आजोबांना जुन्या स्कूटरबद्दल विचारा. पेट्रोल पंपावर ‘ऑइल टाका’ असं सांगावं लागे, ते त्यांना नक्की आठवत असेल.

उलटं फिरणारं इंजिन

आता सगळ्यात मजेची गोष्ट. मोटारसायकल मागे घ्यायची असेल तर काय करतात? खाली उतरतात आणि ढकलतात, नाहीतर बसल्या बसल्या पायाने रेटतात. म्हणून मोटारसायकलला सहसा रिव्हर्स गिअर नसतो. पण तीनचाकीत बसलेल्या माणसाला खाली उतरून ढकलता येत नसेल तर?

यावर त्या काळच्या काही छोट्या तीनचाक्यांमध्ये एक अफलातून युक्ती होती. गाडी थांबवायची. इंजिन पूर्ण बंद करायचं. मग ते उलट्या दिशेने सुरू करायचं! इंजिनच उलटं फिरायला लागलं, की चाकंही उलटी फिरतात आणि गाडी मागे जाते.

हे कसं जमतं? मघाशी आपण पाहिलं, की टू-स्ट्रोकमध्ये भोकं उघडण्याचं काम दट्ट्या करतो. आस उजवीकडे फिरो की डावीकडे, दट्ट्या शेवटी वरच जाणार आणि खालीच येणार. भोकांना त्याचं काही सोयरसुतक नाही. फक्त ठिणगीची वेळ तेवढी सांभाळायला लागते. दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. दिशा बदलली की हा ‘किंचित आधी’चा क्षणही बदलतो, म्हणून उलट्या दिशेसाठी ठिणगीची वेगळी जोडणी ठेवलेली असते. आणि सुरू करायला किक नको, कारण विजेवर चालणारी मोटार इंजिनाला हव्या त्या बाजूला फिरवून देते.

आपल्या हल्लीच्या मोटारसायकलींची फोर-स्ट्रोक इंजिनं असं करू शकत नाहीत. त्यांच्यात झडपा असतात आणि त्या ठरलेल्या क्रमाने उघडतात. इंजिन उलटं फिरवलं तर हा क्रमच उलटा होतो, आणि मिश्रण जिथून आत यायचं तिथून बाहेर जायला बघतं!

आता डोकं चालवा. गिअर जर चार असतील आणि इंजिन उलटं फिरत असेल, तर मागे जायलाही गिअर किती? चार! जर्मनीत 1955 साली आलेल्या मेसरश्मिट केआर 200 या चिमुकल्या तीनचाकीत खरंच असे चार रिव्हर्स गिअर होते. पुढे जितक्या जोरात जाता येतं, मागेही तितक्याच जोरात जाता येईल अशी गाडी! अर्थात शहाणा माणूस तसं करणार नाही, कारण मागे बघत इतक्या वेगाने गाडी सांभाळणं भलतंच धोक्याचं.

खुर्चीतून शर्यतीच्या मैदानात

निळ्या गाड्या बनवता बनवता बर्ट ग्रीव्ह्जना मोटारसायकलीही बनवाव्याशा वाटल्या. त्यांचं स्वतःचं बाइकचं वेड जुनंच होतं. 1953 च्या सुमाराला ‘ग्रीव्ह्ज’ या नावाची मोटारसायकल तयार झाली, आणि तिच्यात एक वस्तू थेट तीनचाकीतून आलेली होती. ती म्हणजे रबर.

खड्ड्यावरून जाताना धक्का बसू नये म्हणून गाड्यांना स्प्रिंग लावतात. बर्टच्या तीनचाकीत त्या जागी रबराचे जाड गट्टू होते. चाक वर उचललं गेलं की हे रबर पिळलं जायचं, आणि पिळलेलं रबर लगेच सरळ व्हायला बघायचं. त्यामुळे चाक परत खाली यायचं. तुमच्या कंपासमधलं खोडरबर दोन टोकांना धरून पिळा आणि एक टोक सोडा. बघा, फट्कन सरळ झालं की नाही? दुखऱ्या पाठीच्या माणसाला धक्के बसू नयेत म्हणून केलेली ही योजना पुढे चिखलात आणि डोंगरउतारांवर उड्या मारणाऱ्या बाइकला लागली.

या बाइकचा सांगाडाही जगावेगळा होता. इतर बाइकना पुढे लोखंडी नळी असे, ग्रीव्ह्जला मात्र ओतीव ॲल्युमिनियमचा जाड खांब होता. लोकांनी शंका काढली, हा मोडणार तर नाही? तेव्हा बर्टनी म्हणे स्वतः बाइकवर बसून ती विटांच्या भिंतीवर नेऊन आदळली आणि खांब शाबूत असल्याचं दाखवून दिलं! (तुम्ही मात्र सायकलवर हा प्रयोग अजिबात करायचा नाही. कळलं?)

आणि मग 1960 आणि 1961, अशी लागोपाठ दोन वर्षं डेव्ह बिकर्स या स्वाराने ग्रीव्ह्ज बाइकवर 250 सीसी गटातलं युरोपचं मोटोक्रॉस अजिंक्यपद जिंकलं. मोटोक्रॉस म्हणजे माती, चिखल आणि टेकाडांवरची शर्यत. विचार करा, चालता न येणाऱ्या भावासाठी सुरू झालेल्या कारखान्यातून युरोपातली सगळ्यात चपळ बाइक बाहेर पडली!

कुणाचं काय अडलं होतं?

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या गोष्टी वाचताना माझ्या एक गोष्ट सारखी लक्षात येते. कुठलीही चांगली कल्पना निघाली, की तिच्यामागे कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पोलिसांची. रात्री गस्त घालताना बाइकचा धडधडाट झाला तर चोर आधीच पसार होणार. व्हेलोसेट कंपनीची ‘एलई’ ही छोटी बाइक 1948 मध्ये आली. तिचं इंजिन पाण्याने थंड होणारं आणि इतकं शांत, की पुढे अनेक शहरांच्या पोलिसांनी तीच घेतली. मग दुसरीच पंचाईत झाली. साहेब दिसले की सलाम ठोकायचा नियम होता. पण चालत्या बाइकचं हँडल सोडून सलाम कसा करणार? म्हणून हवालदारांनी नुसती मान डोलवली तरी चालेल असं ठरलं. लोक त्या बाइकला लाडाने ‘नॉडी बाइक’, म्हणजे मान डोलावणारी बाइक म्हणू लागले.

दुसरी गोष्ट बिॲट्रिस शिलिंग यांची. लहानपणापासून त्यांना मोटारसायकल खोलून पुन्हा जोडायचा नाद. मोठ्या होऊन त्या इंजिनीअर झाल्या. 1934 साली ब्रुकलँड्सच्या गोल ट्रॅकवर त्यांनी नॉर्टन बाइक ताशी शंभर मैलांहून, म्हणजे 160 किलोमीटरहून अधिक वेगाने पळवली आणि सोन्याचा तारा मिळवला. पुढे महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं एक इंजिन भलतंच त्रास देऊ लागलं. विमानाने एकदम खाली सूर मारला, की इंजिन गुदमरून बंद पडायला बघे. कारण त्या झटक्याने कार्बोरेटरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घुसायचं. बिॲट्रिसबाईंनी काय केलं? मधोमध मोजून-मापून भोक पाडलेली धातूची एक छोटी चकती बनवली. ती पेट्रोलच्या वाटेत बसवली, की हवं तेवढंच पेट्रोल पुढे जाई. विमानतळावरच झटपट बसवता येईल अशी ही चकती होती. ती बसवायला त्या स्वतः आपल्या टीमसह ठिकठिकाणी फिरल्या. बाइकच्या कार्बोरेटरशी खेळलेले हात विमानाच्या कामी आले.

तिसरी गोष्ट तुमच्या डोक्याची! टी. ई. लॉरेन्स नावाचे एक प्रसिद्ध लेखक आणि सैनिक होते. त्यांना ब्रफ सुपीरिअर या वेगवान बाइकचं जबरदस्त प्रेम. मे 1935 मध्ये समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना वाचवताना लॉरेन्स बाइकवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे डॉक्टर होते. ती घटना केर्न्सच्या मनातून जाईना. त्यांनी बाइकवरच्या अपघातांचा अभ्यास केला आणि हेल्मेटमुळे जीव वाचतो हे 1941 मध्ये दाखवून दिलं. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप पोचवणाऱ्या आपल्या बाइकस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. आज तुमची आई स्कूटर काढताना तुम्हाला हेल्मेट घालायला लावते, त्यामागे या डॉक्टरांची मेहनत आहे. तेव्हा कुरकुर न करता घाला बरं!

आणि या ब्रिटिश बाइकपैकी एक तर आपल्याच गल्लीत राहते. डुग डुग डुग करत जाणारी बुलेट! रॉयल एनफिल्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी आणि ‘बुलेट’ हे नाव 1932 पासूनचं. आपल्या सैन्याला सीमेवर गस्त घालायला दणकट बाइक हवी होती. त्यातून 1955 साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एनफिल्ड इंडिया सुरू झाली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. चेन्नईची बुलेट मात्र अजून बनतेच आहे. तुमच्या गावात एखादी जुनी बुलेट असेल तर नीट निरखून बघा. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी दिसेल. ही जुन्या ब्रिटिश बाइकची खूण.

करून पाहा: तीन पाय की चार?

आता परत निळ्या गाडीकडे येऊ. तिच्यात एक मोठा दोष होता. तो मी सांगण्याआधी तुम्हीच शोधून काढा.

जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही घ्या आणि चार खोडरबरं घ्या. वहीच्या चारही कोपऱ्यांखाली एकेक खोडरबर ठेवा. झाली चारचाकी. आता वहीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर एक जड दगड ठेवा. काय होतं? काहीच नाही. वही स्थिर राहते.

मग पुढची दोन्ही खोडरबरं काढा आणि त्यातलं एकच पुढच्या कडेच्या बरोबर मधोमध ठेवा. ही झाली तीनचाकी. दगड वहीच्या मागच्या भागात मधोमध ठेवा. वही स्थिर. आता तोच दगड पुन्हा पुढच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवा. धप्प! वही कलंडली.

कारण सोपं आहे. तिन्ही खोडरबरांना जोडणारा एक त्रिकोण मनात काढा. वजनाचा भार त्या त्रिकोणाच्या आत पडला तर वस्तू उभी राहते. भार त्रिकोणाच्या बाहेर गेला की ती पडते. चार पायांचा चौकोन मोठा असतो, तीन पायांचा त्रिकोण पुढे निमुळता होतो.

आता ही वही रस्त्यावर पळते आहे असं समजा. गाडी डावीकडे वळली की आतल्या माणसाला उजवीकडे फेकल्यासारखं होतं. ब्रेक दाबला की पुढे फेकल्यासारखं होतं. वळता वळता ब्रेक दाबला तर भार नेमका पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे झुकतो. आणि तिथे तर चाकच नाही! मोटारसायकलस्वार वळणावर आत झुकतो आणि तोल सांभाळतो. तीनचाकीला झुकता येत नाही. त्यात निळ्या गाडीचं अंग हलक्या फायबरग्लासचं, म्हणून बाजूने जोराचा वारा आला की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा.

मग पुढे एकच चाक ठेवलं कशाला? एक चाक वळवणं सोपं असतं. हाताने धरायचा दांडा सरळ त्या चाकालाच जोडता येतो आणि कमी ताकदीच्या हातांनाही ते जमतं. इंग्लंडमध्येच मॉर्गन कंपनीने 1910 पासून उलट्या रचनेची तीनचाकी बनवली होती, पुढे दोन चाकं आणि मागे एक. तिलाही सुरुवातीला मोटारसायकलचंच इंजिन असे. ब्रेक दाबल्यावर भार पुढे येतो आणि तिथे दोन चाकं तयार असतात, म्हणून ती अधिक स्थिर. पण दोन चाकं एकत्र वळवायची म्हणजे जोडणी जास्त आणि खर्चही जास्त.

एकच खुर्ची

1948 साली ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. त्यानंतर चालता न येणाऱ्या अनेकांना या गाड्या सरकारकडून मिळू लागल्या. इन्व्हाकारबरोबर एसी कार्स वगैरे कंपन्याही त्या बनवत. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला सगळं हातांनी करता यावं, अशी आतली मांडणी. वेग हातात, ब्रेक हातात, वळणं हातात. दरवाजे सरकते. घडी केलेली चाकांची खुर्ची आत ठेवायला जागा.

शेवटचं मॉडेल, ‘मॉडेल 70’, तर 1970 नंतरच्या काळात आलं. त्यात ऑस्ट्रियातलं श्टायर-पूख इंजिन होतं, आणि गिअर बदलायची भानगडच नव्हती. दोन कप्प्यांवरून फिरणारा एक पट्टा आपोआप वर-खाली सरकून वेगाप्रमाणे जुळवून घेई. तुमच्या आईच्या किंवा ताईच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये आज पट्ट्याची हीच रचना असते.

या गाड्यांनी अनेकांचं आयुष्य बदललं. तोवर घरात बसून राहिलेली माणसं कामावर जाऊ लागली. फुटबॉलच्या मैदानांवर तर कडेने निळ्या गाड्यांची रांग लागायची आणि गाडीत बसूनच मंडळी सामना बघायची. त्या काळच्या चित्रफितींमध्ये ही रांग आजही दिसते.

पण एक गोष्ट खटकते. गाडीत खुर्ची एकच. दुसऱ्या कुणाला बसवायची परवानगीच नव्हती. समजा, एका आईला चालता येत नाही. तिने आपल्या बाळाला घेऊन फिरायला कसं जायचं? आणि वाटेत गाडी बंद पडली तर एकट्या माणसाने काय करायचं? गाडी बनवणाऱ्यांनी पायांचा विचार केला, माणसाच्या घरच्यांचा विचार करायचा राहून गेला.

हे बोलून दाखवलं ते गाडी चालवणाऱ्यांनीच. त्यांनी संघटना बांधल्या, पत्रं लिहिली, लंडनला जाऊन निदर्शनं केली. 1974 मध्ये लेडी शार्प यांच्या अहवालाने सांगितलं, की तीनचाकीऐवजी बदल केलेल्या साध्या चारचाकी गाड्या द्याव्यात. 1976 मध्ये प्रवासासाठी भत्ता सुरू झाला. 1977 मध्ये ‘मोटॅबिलिटी’ योजना आली. तिच्यातून दिव्यांग माणसांना नेहमीसारखी, घरच्यांना सोबत घेता येईल अशी मोटार मिळू लागली. निळ्या गाड्यांचं उत्पादन त्याच सुमाराला थांबलं. जुन्या होत्या त्या आणखी काही वर्षं चालत राहिल्या. अखेर 31 मार्च 2003 रोजी त्यांना रस्त्यावरून हटवण्यात आलं आणि सरकारी मालकीच्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. थोड्या उरल्या आहेत, त्या संग्रहालयांत आणि जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडे.

मला वाटतं, निळी गाडी चांगली होती आणि अपुरीही होती. ती चांगली झाली, कारण ती बनवताना डेरी तिथे होते. ज्याला गरज आहे तोच कंपनीत बसलेला होता. ती अपुरी राहिली, कारण पुढे नियम करणाऱ्यांनी गाडीत बसणाऱ्यांना पुरेसं विचारलंच नाही.

आपल्याकडे मागच्या चाकाशेजारी दोन जास्तीची चाकं लावलेल्या स्कूटर तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्यावर मागे मैत्रीण बसलेली असते, पुढे मूल उभं असतं, हँडलला भाजीची पिशवी असते. ही खूप चांगली गोष्ट आहे. पण त्या स्कूटरवरून उतरल्यावर बँकेच्या पायऱ्या, उंच फुटपाथ आणि शाळेचा अरुंद दरवाजा समोर असतोच.

म्हणून मुलांनो, या सुट्टीत एक काम करा. तुमच्या वर्गात, वाड्यात किंवा गावात अशी गाडी किंवा चाकांची खुर्ची वापरणारं कुणी असेल, तर त्यांच्याशी गप्पा मारा. त्यांची गाडी कशी चालते ते समजून घ्या, आणि ‘तुमचं कुठे अडतं?’ असं विचारा. मग वहीत त्यावरचा उपाय चित्र काढून मांडा. उताराचा रस्ता असेल, नव्या तऱ्हेचा ब्रेक असेल, काहीही चालेल. फक्त ते चित्र सगळ्यात आधी त्यांनाच दाखवा आणि त्यांनी सुचवलेले बदल करा. चांगला इंजिनीअर होण्याचा पहिला धडा हाच आहे!